तार

धायरीच्या डेअरीत शुक्रवारी अकरा डबे परत आले.
एकावर चिठ्ठी, निळ्या शाईत, वळणदार अक्षर:
"दह्याला तार सुटते. आम्ही दही मागवले होते, डिंक नव्हे."

चमचा बुडवून उचलला.
मागोमाग धागा निघाला,
पट्टीवर सतरा सेंटिमीटर,
मग तुटला आणि डब्यात परत गेला
जसं काही घडलंच नव्हतं.

खुटवडसाहेब म्हणाले, विरजण बदला. हे ओता मोरीत.

ओतण्याआधी काचपट्टीवर थेंबभर घेतलं.
प्रथिनांना लाल रंग, साखरेच्या लांब साखळ्यांना हिरवा.
भिंगाखाली लाल जाळं दिसलं.
रात्रभर आंबट चढत गेलं
तसे केसीनचे गोळे एकमेकांना टेकत गेले होते,
आणि जाळ्याच्या भोकाभोकांत हिरवं,
पाणी मुठीत धरून बसलेलं.

गोड्या दुधात दोघांवर एकाच जातीचा भार,
दोघं पाठ फिरवून.
आंबटानं केसीनचा भार पालटतो,
मग साखळ्या जवळ येतात.
सगळ्या नाही. काही अंग चोरूनच राहतात,
आणि त्यांच्या गर्दीनं गोळे आणखीच दाटीवाटीनं बसतात.
जंतूंनी हे विणलं ते आपल्यासाठी नाही.
स्वतःभोवतीच विणलं, कशाच्या भीतीनं
ते मला अजून नीट सांगता येत नाही.

डबा आडवा केला.
निवळीचा एक थेंब सुटला नाही.

तेव्हा मला बाबांचा घसा आठवला.

खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस
झटक्यानंतर घोटभर पाण्याला घाबरतो.
पातळ काही देऊ नका, बाई सांगून गेल्या होत्या.
पावडर घालून घट्ट केलेलं पाणी त्यांनी थुंकलं.
वाकड्या तोंडानं एकच शब्द: वंगण.

मी चोरी केली. लोणच्याची रिकामी बरणी, तीन चमचे विरजण,
पीएमटीत मांडीवर धरून
(पीएमपी म्हणायचं आता, बाबांसमोर नाही).

शनिवारी सकाळी पहिला चमचा.
गळ्याचा मणी वर गेला, खाली आला.
मी ठसक्याची वाट पाहत राहिले.
त्यांनी हनुवटीवरची तार डाव्या हाताच्या बोटानं पुसली,
बोटाकडे पाहिलं,
म्हणाले, वंगण.
आणि तोंड उघडलं.

डेअरीत नवं विरजण आलंय. दही कवडीसारखं लागतं,
तारेच्या रकान्यात मी रोज शून्य लिहिते.
चिठ्ठीवाल्यांचं पुन्हा काही आलं नाही.

घरी मात्र काल सोळा, आज चौदा.
हा गुण टिकत नाही.
पुन्हा पुन्हा लावत गेलं की जंतू विणणं विसरतात,
उकाड्यात तर लवकरच.
दोन बाटल्या मी पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवल्यात,
मटारच्या पिशवीखाली, तारीख घालून.

एप्रिल लागायला सहा दिवस आहेत.