पेंढा

इब्रीच्या अलीकडे, डांबर संपतं तिथं आमची डेअरी.
मी पंपावर. दूध काढतो अब्देलबागी, सुदानचा.

मंगळवारी सम्हाचं पिल्लू गेलं.
पान्हा आटला. कासेला हात लावू देईना.
अब्देलबागीनं कातडं सोललं, मीठ चोळलं,
आत पेंढा कोंबला, पायांना चार खुंट,
आणि उभं केलं तिच्या पुढ्यात.
डोळ्यांच्या जागी काहीच नव्हतं.
तिनं हुंगलं. शेपटाकडून पुन्हा हुंगलं,
मान चाटली,
आणि धार लागली, चरवीत फेस येईतो.

"जनावर," तो म्हणाला, "फसतं."

शुक्रवारी फोन. वैजू सांगते,
अण्णा आत्ताच झोपलेत, गोळ्या वेळेवर घेतात.
मी विचारतो, खोकला?
कमी आहे.
मोबाइल ती अशी धरते
की हाराची भिंत दिसू नये.

मला दहाव्यालाच कळलं होतं, मस्कतच्या धोंडिबाकडून.
करार मार्चपर्यंत. मधे गेलो तर सगळंच बुडतं.
मला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक असावं.
विचारलं नाही.

सम्हाला पेंढा दिसला नाही.
आम्ही तो दोघं मिळून भरतो,
दर शुक्रवारी, मूठमूठ.

परवा म्हटलं, स्वेटर धाडू का त्यांना?
ती थांबली.
मग म्हणाली, "धाडा. सैल घ्या जरा."

काल बाजारातून आणला. राखाडी.
दुकानदार दुसरा दाखवत होता, स्वस्त.
पण त्याला खिसा नव्हता,
आणि अण्णांना तपकिरीच्या डबीसाठी
खिसा लागतो.