रीडिंग

तसं पाहिलं तर दिवसभर मी फोटोच काढतो.
गोळीबार चौक ते तांडापेठ, रोजचे दीडशे मीटर,
जिन्याखाली, मोरीच्या भिंतीला, सायकलींच्या मागे.
आकडे तेवढे दिसले पाहिजेत,
बाकी जग कापलं तरी चालतं.

हा कॅमेरा मात्र माझा आहे.
सीताबर्डीतून जुना घेतला, अकरा हप्त्यांत.
आधीच्या मालकाच्या अंगठ्यानं
एका बटणावरचं अक्षर पार पुसलं होतं.
ते कोणतं, हे कळायला मला तीन महिने लागले.

धकाते काकांनी पहिल्या दिवशी अंडं दिलं.
पांढरं अंडं, पांढऱ्या टॉवेलवर.
"काढ. गोल दिसलं पाहिजे."
चाळीस फोटोंत ते कधी पेढा दिसलं, कधी भोक.
काका रिळाच्या काळातले, छत्तीस फोटोंत लग्न उरकणारे.
माझे चाळीस पाहून म्हणाले,
"तू पाहून नाही राहिला बे.
नुसता दाबून राहिला."

मे महिनाभर मी कूलरसमोर बसलो.
एक पाचशेला थेंबांचे मणी होतात,
एक तिसाला दोरा.
मण्यापासून दोऱ्यापर्यंत, दोऱ्यापासून मण्यापर्यंत,
आई आतून ओरडेपर्यंत :
टाकीतलं पाणी संपलं, पंप जळंल!

पहिला कार्यक्रम ऑफिसातलाच,
हेडाऊ साहेबांचा निरोप समारंभ.
शाल खांद्यावर पडली तेव्हा मी मेनूत आयएसओ शोधत होतो.
साहेबांना परत उभं केलं, शाल परत घातली.
दुसऱ्या वेळी ते छान हसले.
पहिल्या वेळी हसले नव्हते.
तो फोटो कुणाकडेच नाही. माझ्याकडे आहे, पण कॅमेऱ्यात नाही.

मग हिवरीनगरला बारसं.
फ्लॅश छताकडे मारायचा, हे नवीन शिकलेलो,
आणि छत निघालं जांभळं.
बाळ जांभळं, आत्या जांभळी, पाळण्याचे फुगे जांभळे.
"बाप्पा, किसनदेवच आला की घरात!" आजी म्हणाली,
आणि ठरल्यापेक्षा शंभर जास्त दिले.
मी ते अजून मोडले नाहीत. लाज वाटते.

मारबतीला मला कुणी बोलावलं नव्हतं.
पोळ्याचा दुसरा दिवस, पिवळी मारबत गल्लीतून निघालेली,
लोक ओरडत होते, खोकला घेऊन जा, डास घेऊन जा,
मी मिठाईच्या दुकानाच्या पायरीवरून, हळूच,
माझ्या हाताची थरथर घेऊन जा.
दोनशे बारा फोटो. पिवळा रंग उन्हात फाटलेला.
त्यातला एकच नीट :
बाल्कनीतला म्हातारा बांबूनं वायर वर उचलतोय,
मूर्तीचं डोकं खालून जावं म्हणून,
दात ओठांत रुतलेले, बनियन घामानं पाठीला चिकटलेलं.
ती वायर कुणाच्या मीटरची, तेही मला माहीत होतं.
काकांनी चष्मा वर सरकवला.
बराच वेळ पाहिलं. "हं," म्हणाले.
मग, "बांबूचं टोक कापलं."

परवा मंगळवारी, तांडापेठेत,
पराते यांच्या जिन्याखालच्या मीटरच्या काचेत
एक मुलगी दिसली.
मागच्या पायरीवर बसून गणितं सोडवत होती.
आकड्यांवर तिची वेणी, वेणीवर दाराच्या फटीतलं ऊन.
मी थांबलो.
तिनं पेन्सिल दातात धरली, पान उलटलं.
तेव्हा दाबलं.

संध्याकाळी ऑफिसचा मेसेज :
रीडिंग अस्पष्ट. फोटो पुन्हा घ्यावा.

बुधवारी गेलो.
सहा हजार दोनशे चौदा.
पायरीवर कुणी नव्हतं.
फोटो पास झाला.