ळ कुठे ठेवायचा

करार अकरा पानांचा.
सातव्या पानावर विचारलंय: प्रकल्पाचं नाव,
प्रकल्पाचं चिन्ह, प्रकल्पाचे सध्याचे मालक.
दांडिया बाजारातल्या तिसऱ्या मजल्यावर
पंख्याखाली पानं उडू नयेत म्हणून
एका टोकाला किल्ल्या ठेवल्यात, दुसऱ्याला सेवउसळीची रिकामी वाटी,
आणि मी ‘मालक’ या शब्दाशी अडलेय.

काम तसं किरकोळ. शब्द ओळीनं लावायचे.
दवाखान्यातले रोगी, मतदार, ग्रंथालयाची कार्डं
आपापल्या जागी उभी राहावीत, एवढंच.
संगणकाला कुणी सांगितलं नव्हतं
की ळ येतो ह च्या नंतर,
क्ष आणि ज्ञ बसतात शेवटच्या बाकावर.
ते मी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी, एका सुट्टीत,
आणि कोड ठेवून दिला उघड्यावर,
पाणपोईवर माठ ठेवावा तसा.

मला तरी कुणी सांगितलं?
रावपुऱ्यातल्या छापखान्यात रंगनाथ कासार खिळे जुळवायचे.
नजर माझ्याकडे, हात बरोबर त्या खान्यात.
‘ळ इथं,’ म्हणायचे, ‘ह च्या शेजारी. का ते विचारू नकोस.
सासऱ्यांनी सांगितलं, मी ऐकलं.’
छापखाना मिटला तेव्हा शिसं किलोच्या भावानं गेलं.
कासारांच्या मुलानं एवढंच विचारलं,
लाकडी खोकी वजनात धरणार का.

गेल्या श्रावणात माझं पित्ताशय काढलं.
नऊ दिवस मी सलाईनवर,
आणि तिकडे कुठल्याशा जिल्ह्याच्या पेन्शन यादीतून
ज्ञ ची सगळी माणसं गायब.
दुरुस्ती पोखऱ्याच्या सृजनाकडे तयार होती.
किल्ली माझ्याकडे.
म्हणजे डायरीत. डायरी कपाटात.
कपाटाची चावी कुठे असते
हे नवऱ्याला लग्नापासून ठाऊक नाही.

टाके निघायच्या आधी मीच लिहिलं फाउंडेशनला.

चांगले लोक आहेत. हिशेब ठेवतात, वकील ठेवतात.
सर्व्हरचं भाडं, जे दिवाळीच्या बोनसमधून जातं,
तेही भरतील.
फक्त नाव त्यांच्या नावावर.

या शहराला दत्तक नवं नाही.
लांबच्या खेड्यातलं पोर आणून गादीवर बसवलं,
नाव बदललं, शहराचं सोनं झालं,
हे आम्ही शाळेत घोकलंय.
पोराच्या आईचं नाव काय, असं मी विचारलं
तेव्हा बाई बराच वेळ पुस्तक चाळत होत्या.

मडगावचा वेर्णेकर म्हणतो, सही कर,
पुढच्या वेळी पित्ताशय नसेल, दुसरं काही असेल.
खरंय.
सृजना म्हणते, दीदी, तुम्ही ठरवा.
ते जास्त जड.

काल फाउंडेशनला एकच प्रश्न विचारला:
उद्या कुणी म्हणालं, ळ म्हणजे ल च, एकत्र करून टाका, तर?
उत्तर सभ्य होतं. समिती बहुमतानं ठरवेल.
समितीत तिघं. तिघांच्याही भाषेत ळ नाही.
मी डोळ्यांपुढे यादी आणली:
काल आणि काळ एकाच ओळीत,
वेल आणि वेळ एकमेकांत गुंतलेले,
कुणालाच काही चुकलं असं वाटत नाहीये.
खालून नीलाबेन ओरडल्या, ‘दूध मळ्युं?’
मिळालं, म्हटलं. मिळालं.

रात्री झोप येईना म्हणून सृजनाची जुनी दुरुस्ती उघडली.
ज्ञ ची. त्याच्या खाली एक ओळ,
मी सांगितलेली नाही, कुणीच मागितलेली नाही:
ळ जागचा हलला तर चाचणी नापास.
तिच्याही भाषेत ळ नाही.

सकाळी तिला दुसरी किल्ली पाठवली.
हे बारा वर्षांत कधीही करता आलं असतं,
त्याला ना वकील लागत होता ना पित्ताशय.

मग सातवं पान घेतलं.
‘मालक’ खोडलं. वर लिहिलं: सांभाळणारे.
खाली दोन नावं, तिचं आधी.
खाडाखोड चालते की नाही,
कळवतील म्हणे.