उंचवटा

इतवारीत, विजेच्या बिलामागं लिहिलेली यादी
बाबांनी चष्मा वर करून वाचली :
डिंक, खारीक, हालिम, बाळंतशेपा.
"काकू नाही आल्या?" दुकानदार.
"डिंक पांढरा दे," बाबा.

मे महिना, पारा सेहेचाळीस.
बाळाला वारं नको म्हणून कूलर बंद
आणि आत तुपाची कढई.
डिंक तडतडून फुलला,
तसे ते झटकन दोन पावलं मागं सरले.
लाइनमनची सवय.

मेथीचं पीठ आधी तुपात मुरवायचं असतं
हे त्यांना सांगणारं कोणी उरलं नव्हतं.
"कडू झाला काय वं?"
मी टाक्यांवर हात धरून हसले.
"हासून नको राहू. खा."

उजव्या हाताचं मधलं बोट
दिघोरीच्या एका खांबानं घेतलं, मी तिसरीत असताना.
तिथं दाब पडत नाही,
म्हणून प्रत्येक लाडवावर एक उंचवटा राहतो.

रात्री दोनला, बाळ छातीशी,
लाइट गेलेली.
डब्यात हात घालते,
अंगठ्याला तो उंचवटा लागतो.
तिथूनच खायला सुरुवात करते.
कडूच आहे.