हवा धरलीय

इम्पेलर नवा. वेअर रिंग नवी. बेअरिंग दोन्ही नवी,
नखांत ग्रीस अजून तसंच.
उद्यमनगरातल्या आमच्या शेडात
आजवर आलं ते सगळं कोरड्यातलं:
चरकाचे रूळ, गुऱ्हाळाची इंजिनं,
एकदा एका सर्कशीचा जनरेटर.
पाण्यावरची स्कूटर ही पहिलीच.
मालवणहून टेम्पोत आली, पिंजरावर आडवी,
बुडाला शिंपल्यांची खपली.
कुलदीप इंगवले म्हणाला, पुराच्या आधी पळाली पाहिजे.
मागच्या खेपेला आमच्या गल्लीपर्यंत होडी आलीच नाही.
एवढंच बोलला. पुढचं मी विचारलं नाही.

राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सोडली.
इंजिन बोललं, चांगलं बोललं,
थ्रॉटल दाबला तसं किंचाळलं,
आणि स्कूटर तिथंच,
म्हशी धुणाऱ्या पोरांच्या शेजारी,
म्हशीच्याच चालीनं.
पोरं हसली नाहीत, ते जास्त लागलं.

मग उलटं मोजत आलो.
जाळीत एक गजरा निघाला, सुतळीचा गुंता निघाला.
काढला. फरक शून्य.
पात्यांची धार बघितली, शाफ्टचे दाते बघितले,
पातं आणि रिंग यांतल्या फटीत गेज घातला:
तीसची पट्टी जाते, पस्तीसची अडते,
जशी अडायला पाहिजे तशीच.
सगळं बरोबर.
बरोबर असण्याचा एवढा राग
मला कधी आला नव्हता.

काठावर शेवंताकाकू उलपे
आपल्या मोटारीच्या तोंडात घागरीनं पाणी ओतत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"हवा धरलीय व्हय तुमच्या मशिनीनं?"
म्हटलं, काकू, ही मोटार नव्हे, जेट आहे.
"पाणी ओढतीय आन् मागं फेकतीय नव्हं?
मग मोटारच की.
आवाज रिकामा येतुय. भरल्या पायपाचा असा येत न्हाई."

मी हसलो, मान हलवली.
संध्याकाळी ट्रॉलीवर घेताना
बुडात दोन तांबे पाणी दिसलं.
सकाळीही दिसलं होतं. तौफिकला म्हणालो होतो, पूस.

रात्री शेडात आकडेवाला बल्ब लावून आत शिरलो.
शाफ्ट जिथून बाहेर पडतो
तिथं कार्बनची कडी कॉलरला घट्ट बसायला हवी,
फट अशी नकोच.
माझ्या खिशातली लग्नपत्रिका त्यात आरामात गेली.
उभी असली की पाणी आत, पळाली की हवा आत.
सगळा जोर बुडबुड्यांवर.
शाफ्ट इंजिनाकडं सरकलेला,
पाच मिलिमीटर, जास्तीत जास्त सहा.
काय कमी आहे तिथं?
बूच. टोकाचं रबरी बूच.
जुनं, काळं, अंगठ्याएवढं.
मीच म्हणालो होतो, फेक ते, पॅकिंगचा कचरा दिसतोय.

"फेकलं नाही उस्ताद," तौफिक म्हणाला,
आणि चहाच्या स्टुलाकडं बघितलं.
तीन वर्षं डगमगणारं स्टूल
चार दिवस गप्प होतं,
आणि आमच्यातल्या कुणाला
त्याचं नवल वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती अशी सुटली
की कुलदीपची टोपी मागंच राहिली.
पोरं आता हसली. म्हशींनी कान हलवले.
मी काठावरच उभा होतो, डोळे मिटून:
आवाज खालच्या पट्टीत, जाड,
तोंडात घास असल्यासारखा.

बिल लिहायला बसलो.
इम्पेलर, रिंग, बेअरिंग, ग्रीस, टेम्पो.
रबरी बूच, असं लिहिलं आणि पुढची जागा
रिकामी ठेवली.

दुपारी तौफिकला घेऊन बावड्यात गेलो.
काकूंच्या फुटव्हॉल्व्हचं कातडं विरलंय,
रोज चार घागरी ओतल्याशिवाय मोटार पाणी धरत नाही,
हे मला काल काठावरच ऐकू आलं असतं.