बिनक्लचची गाडी

अनगोळ नाक्यावरच्या माझ्या गॅरेजात
मागच्या भिंतीला, टायरांच्या ढिगाआड
ती उभी होती : हिरो होंडाची स्ट्रीट,
ना धड स्कूटर, ना धड मोटरसायकल,
पोस्टातल्या यल्लाप्पानं टाकून दिलेली.
सीटखाली मांजर व्यालं होतं.

अझलान आला कुणाच्या तरी सायकलीचं पंक्चर काढायला,
नेहरूनगरात डॉक्टरकी शिकणारं मलेशियाचं पोर,
आणि सायकल तशीच सोडून टायर बाजूला करायला लागला.
‘कापचाय,’ म्हणाला.
मला वाटलं, चहा मागतोय.
इरप्पाला वन-बाय-टू सांगितला.

चहा पिता पिता कळलं,
त्याच्या गावी घरटी एक असते असली गाडी,
बाप तिच्यावरून मासळी नेतो,
आई धाकट्याला पुढं उभं करून शाळेला सोडते,
आणि नदीपल्याड जायचं झालं
तर गाडी होडीत घालतात.
पल्याड काय?
पल्याड दुसरा देश. मामाचं घर.

मी पाना पुसत राहिलो.
माझा मामा शिनोळीचा.

मांजराची पिल्लं खोक्यात हलवली.
कार्बोरेटर दोन रात्री रॉकेलात,
पिस्टन रिंग कोल्हापूरहून,
चेन-सॉकेट हुबळीहून,
ब्रेकची तार आमच्या पोराच्या लुनाची.
चार हजार दोनशे झाले, चार घेतले.
फक्त त्याच्या नावावर चढेना.
आरटीओतला क्लार्क म्हणाला, व्हिसा आणा, पत्ता आणा,
पत्त्याचा पुरावा आणा, पुराव्यावर शिक्का आणा.
शेवटी मी म्हटलं, लिही बाबा :
भरमाण्णा मुतगेकर.
गाडी त्याची, पुस्तक माझं.

मग एकदा नोटीस आली, कानडीत.
मला कानडीत बोलता येतं, भांडता येतं,
थकलेली उधारी मागता येते.
वाचता येत नाही.
(का, ते बापाला विचारायचं राहून गेलं.)
तो दवाखान्यातल्या पेशंटांपायी अक्षरं शिकलेला,
बोट ठेवून एकेक उचलायचा
वा-ह-न मा-ली-क-रु
त्यातलं त्याला काही कळत नव्हतं,
मला सगळं कळत होतं.
अर्धा तास गेला दंड नाही एवढंच समजायला.
इरप्पाला दोन्ही यायचं.
तो दात काढत
हवा मारत बसला.

रविवारी मला मागं घेऊन निघायचा.
उचगावच्या वळणावर भाताला वास सुटलेला असायचा,
तिथं इंजिन बंद करून नुसता उभा राहायचा.
मी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी कुठल्या भाषेत सांगितलं असतं त्यानं.
पुढं शिनोळीला पाट्या बदलल्या
की पाय टेकून, मागं मान वळवून म्हणायचा,
‘आता तू वाच.’
मी वाचायचो : पिठाची गिरणी. हवा मोफत. येथे थुंकू नये.
मोठ्यानं वाचायला लावायचा.
डांबर तेच होतं, खड्डेही.

गेला तेव्हा गाडी धुऊन, टाकी भरून लावून गेला.
किल्ली मात्र खिशातच राहिली त्याची.
नवी करून घेतली.

पंधरा वर्षं भरली तशी मी गाडी परत पास करायला नेली.
क्लार्क म्हणाला, कशाला ओ, भंगारात दोन हजार येतील की.
म्हटलं, माझी न्हवं गाडी.
त्यानं पुस्तक उलटं करून माझ्यापुढं धरलं :
हे काय, तुमचंच नाव.
कानडीत होतं.
असेल, म्हटलं.

अजून अमावास्येला गॅरेज बंद ठेवून
काढतो एखादवेळी, सुळग्यापर्यंत, फार तर पुढं.
चाळीस वर्षं क्लच दाबलेला हात माझा,
गियर टाकताना अजून चुकतो :
डाव्या मुठीपुढं काहीच नाही,
आणि बोटं
मिटतात.