एक्केचाळिसावी पट्टी

पियानो दिवाडीला आला तो फेरीबोटीतून,
दोन म्हशी आणि सोड्याच्या क्रेटांच्या मध्ये,
गोणपाटात गुंडाळलेला.
जुन्या गोव्याच्या धक्क्यावर आठ माणसं लागली.
मी नववा, मेस्त म्हणून बोलावलेला,
तोवर देवळांची मखरं आणि
पियेदादच्या पाद्रीला शवपेट्या करून देणारा.
मांडवीच्या मधोमध आतून काहीतरी घुमलं.
जर्मन बाब म्हणाला, झोपेत बोलतोय.

नाव लेबरेश्ट. गावानं लेब्रेस केलं.
भिंतीवर त्याचा एकही फोटो नव्हता.
काळा कोट होता, मागं शेपट्या असलेला.
एस्पेरांसा तो भाद्रपदात उन्हाला घालायची,
खिशांतून डांबराच्या गोळ्या गळायच्या.
तो घालून बाब कुठल्या कुठल्या शहरांत वाजवून आला
हे मला तो गेल्यावर कळलं, छापील कागदावरून.
मला सांगितलं ते एवढंच:
बाप चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करायचा,
हातांना सरसाचा वास असायचा.
माझा पंजा हुंगून म्हणाला होता, हाच.

आमचं बोलणं तुटक. थोडी कोंकणी, थोडं पोर्तुगीज,
उरलेलं लाकूड.
वाळवीनं एक पाय खाल्ला तेव्हा मी फणसाचा बसवला.
वीणेला चालतो, म्हटलं, तुझ्या पेटीला का नको.
तो दिवसभर त्या पायाला वाजवून दाखवत राहिला.

मग एका श्रावणात एक पट्टी मुकी झाली.
डावीकडून मोजली मी. एक्केचाळिसावी, काळी.
आत हातोडीची दांडी मोडलेली, उदबत्तीच्या काडीएवढी.
रात्रीत नवी केली, जुन्या सागाची.
त्यानं ती तळहातावर फिरवली आणि परत दिली.
नको.

कागद पुढं केला. एका ठिपक्यावर नख ठेवलं.
बोट इथं जाईल. दाबेल. काही येणार नाही.
ते लिहिलंय.

वाटलं, म्हातारा झाला.
मग त्यानं वाजवलं.
फेरीतून उतरताना फळी आहे म्हणून पाय टाकावा
आणि फळी नसावी, तसं.
एस्पेरांसा मीठ मुठीत धरून दारात थांबली.
सात वेळा आलं ते.
सातव्यांदा मी आधीच श्वास धरला होता.

कुणाची ती जागा, विचारलं नाही.
शवपेटी करणाऱ्यानं माप घ्यावं.

त्याचीही मीच केली. उंच माणूस, पण हलका.

पुढं तिकडून लोक आले, पांढरे हातमोजे घालून.
कागद नेले. पियानो पणजीला नेला,
आणि एक कारागीर पंधरा दिवस त्याच्यावर राबला.
मला निमंत्रण होतं. शेवटून तिसरी रांग, इस्त्रीचा शर्ट.
वाजवणाऱ्या पोरीचे हात चांगले होते,
दोष तिचा नाही.
ती जागा आली, मी श्वास धरला,
आणि सूर वाजला.
स्वच्छ. गोड. सातही वेळा.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.
कारागीर भेटला, माझा हात घट्ट धरला.
एक पट्टी मुकीच होती, म्हणाला, इतकी वर्षं
कुणाच्या लक्षात कशी आली नाही?
फणसाच्या पायाचं त्यानं कौतुक केलं.
मी मान हलवली. दुसरं काय करणार,
काम सुबक झालं होतं त्याचं.

शेवटच्या फेरीत आम्ही चौघंच.
सागाची ती दांडी खिशात होती, का आणली होती कोण जाणे.
कठड्यावर डावीकडून बोटं टाकत गेलो,
चाळीस मोजले,
पुढच्या जागी दाबून पाहिलं.
इंजिन चालू होतं,
त्यामुळे नक्की सांगता येत नाही.